सून सासूला 'आत्या' का म्हणते?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कराडच्या. नात अमेरिकेत शिकते आणि शाळेत तिला घराण्याचा तक्ता काढायला सांगितलाय. व्हिडिओ कॉलवर तिने तुम्हाला तीन गोष्टी विचारल्या. तिथे सगळे 'अंकल' असताना आपल्याकडे काका, मामा असे वेगवेगळे शब्द कशाला? तिची आई तुम्हाला 'आत्या' म्हणते, पण तुम्ही तर तिच्या आईच्या वडिलांची बहीण नाही, मग हे कसं? आणि असं जगात आणखी कुठे असतं का?

मी मिरजेत बत्तीस वर्षं कागदपत्रांची भाषांतरं करतोय. जतकडची आणि सीमेपलीकडची कन्नड खतं मराठीत आणायची, मराठी वारस-प्रतिज्ञापत्रं आणि व्हिसाचे कागद इंग्रजीत न्यायचे, हा रोजचा धंदा. जमिनीची मापं, शेऱ्यांची जुनी मोडी वळणं, कोर्टाची भाषा, सगळं सवयीनं जमतं. नात्याचा शब्द आला की मात्र मी अजून पेन थांबवतो.

त्याला कारण आहे. धंद्यात नवा असताना मुंबईत नोकरी करून वारलेल्या एका गृहस्थांचं इंग्रजी मृत्युपत्र माझ्याकडे आलं. गावची जमीन 'माय नेफ्यू' अमुक अमुक याला द्यावी, असं त्यात होतं. मी डोळे झाकून 'माझा पुतण्या' लिहून मोकळा झालो. तो होता भाचा. आडनाव वेगळं, गाव वेगळं, तरी माझ्या डोक्यात ट्यूब पेटली नाही. झालं! मयताचे दोन सख्खे पुतणे उभे राहिले. पुतण्या म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी, नाव लिहिण्यात चूक झालीय, असा त्यांचा मुद्दा. दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र, मूळ कागदाची पुन्हा तपासणी, यात आठ महिने गेले. तो भाचा मला एका शब्दानं बोलला नाही. त्याची आई, म्हणजे मयताची बहीण, माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, एका शब्दानं तुम्ही मला माहेरातनं भाईर काढलंसा."

तेव्हापासून मला पटलंय ते असं. नात्यांचे शब्द रक्त मोजत नाहीत. मुलगी कुठे द्यायची, कुठून आणायची, वाटणी कुणाला, सुतक कुणाला, हे ते सांगतात. तुमच्या नातीचे तिन्ही प्रश्न या एकाच धाग्याला लागतात.

रक्ताचंच बघा. चुलत बहीण आणि मामेबहीण, दोघींशी आपलं रक्त सारखंच, सरासरी एक अष्टमांश. निसर्गाच्या वहीत दोघी एकाच ओळीत. पण आपल्याकडे चुलत बहिणीशी लग्न म्हटलं तर माणूस कानावर हात ठेवेल, आणि मामाच्या मुलीवरून मात्र पोराला दहा वर्षांचा असल्यापासून चिडवतात. इतका फरक रक्तातून येत नाही. एक भावकी, दुसरी सोयरीक. भावकी म्हणजे एक आडनाव, एक देवक, बांधाला बांध लागलेले, कुणी गेलं की दहा दिवस सुतक धरणारे आणि उरलेले दिवस तोच बांध कोरणारे. सोयरे म्हणजे ज्यांच्याशी देणंघेणं मुलींचं, जमिनीचं नाही. दोन गटांशी वागायची रीत वेगळी, म्हणून शब्द वेगळे.

'काका, मला वाचवा' ही नारायणराव पेशव्याच्या तोंडची हाक आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. १७७३ ची गोष्ट. आता ती इंग्रजीत 'अंकल' करून सांगा बघू. अर्थ कळतो, पण काटा येत नाही. काका हा बापाच्या जागी असतो आणि गादीच्या वाटेतही तोच असतो, हे 'काका' या दोन अक्षरांत आपल्याला ऐकू येतं. मामाला त्या गादीवर हक्क सांगता आला नसता. मामा वाईट असूच शकत नाही असं मी म्हणत नाही, कंस आणि शकुनी दोघेही मामाच, पण त्यांची तऱ्हा निराळी.

मग इंग्रजांकडे शब्द कमी का? मूळचे कमी नव्हतेच. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत बापाच्या भावाला 'फेडेरा' आणि आईच्या भावाला 'एआम' असे वेगळे शब्द होते. आत्या आणि मावशीलाही वेगळे. पुढे नॉर्मन लोक आले, फ्रेंच शब्द आले आणि चारांचे दोन झाले. गंमत अशी की 'अंकल' हा शब्द लॅटिन 'अवुन्कुलुस'वरून आला आणि त्याचा अर्थ फक्त मामा. लॅटिनमध्ये काकासाठी 'पात्रुउस' होता, तो इंग्रजीपर्यंत पोचलाच नाही. 'आँट'चंही तसंच, मूळ 'अमिता', म्हणजे आपली आत्या. तर नातीला सांगा, तिथल्या मैत्रिणी काकांना 'अंकल' म्हणतात तेव्हा मुळात त्या त्यांना मामा म्हणत असतात. तिकडे आईबाप आणि पोरं एवढंच घर वेगळं पडत गेलं, त्या चौकटीबाहेरचे सगळे एका रांगेत उभे राहिले. चौकटीच्या आत मात्र त्यांचे शब्द नेमके आहेत. 'ब्रदर' म्हणजे सख्खा भाऊ, बस. आपला 'भाऊ' कुठपर्यंत जातो ते तुम्हाला ठाऊक आहेच. मराठी माणूस इंग्रजीत 'कझिन ब्रदर' लिहितो, त्याला हसतात. मी हसत नाही. 'कझिन' या शब्दात बाई की पुरुष हे कळत नाही आणि भावपणही उरत नाही. त्याला दोन्ही हवं असतं.

आता तुमच्या 'आत्या'कडे येतो. खरा रस तिथेच आहे.

सातारा-सांगलीच्या जुन्या घरांत सून सासूला आत्या किंवा आत्याबाई म्हणते, सासऱ्याला मामा, मामंजी. नणंदेला वन्सं, दिराला भावजी. जावई सासऱ्याला मामा म्हणतो आणि सासूला मामी. नव्या सुनेची आणि सासूची लग्नाआधी ओळखसुद्धा नसते, तरी पहिल्या दिवशी उंबऱ्यावर माप ओलांडलं की ती 'आत्या' म्हणायला लागते. का? मुलाने मामाची मुलगी करायची, ही या भागाची जुनी आवडती सोयरीक. आता मुलीच्या बाजूनं बघा. ती आत्याच्या मुलाला दिली जाते. म्हणजे तिची सासू ही तिची आत्याच. आणि मुलाच्या बाजूनं त्याचा सासरा त्याचा मामा, सासू त्याची मामी. एकेकाळी हे शब्दशः खरं असायचं. पुढे लांबची स्थळं आली, ओळखदेख नसलेल्या घरांतून मुली आल्या, पण हाक तीच राहिली. तुमची सून तुम्हाला 'आत्या' म्हणते तेव्हा ती नकळत सांगते, की मी परक्या घरात आलेले नाही, माझ्या बापाच्या बहिणीकडे आलेय.

हे कलियुगातलं काही नाही. अर्जुनाची सुभद्रा कोण? कुंतीचा भाऊ वसुदेव, त्याची मुलगी. मामेबहीणच. बौधायनाच्या धर्मसूत्रात मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न हा दक्षिणेकडच्या लोकांचा आचार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही उत्तरेकडचे आपल्याकडे बघून भुवया उंचावत होते! तिकडे आजही हे चालत नाही, मामाची मुलगी तिथे बहीणच.

भाषेत त्याच्या खुणा जागोजागी पडल्यात. आपला 'मेहुणा' घ्या. प्राकृतात 'मेहुणिआ' हा शब्द बायकोच्या बहिणीला आणि मामाच्या मुलीलाही वापरलेला आहे. मामाची मुलगी बायको झाली की दोन्ही अर्थ एकाच मुलीकडे जातात. 'अत्ता' हा प्राकृत शब्दही आत्या आणि सासू या दोन्ही अर्थांनी मिळतो.

यातली खरी मेख मला उमगली ती कन्नड कागदांमुळे. जत तालुक्यात निम्मं गाव कन्नड बोलतं. तिथे आत्याला 'अत्ते' म्हणतात, सासूला 'अत्ते', आणि मामीलाही 'अत्ते'. मामाला 'माव', सासऱ्याला 'माव', आत्याच्या नवऱ्यालाही 'माव'. एकदा एका कन्नड पत्रात 'अत्तेनं दागिने ठेवून घेतले' असं वाक्य होतं. दागिने सासूकडे, आत्याकडे की मामीकडे? तिघी वेगवेगळ्या असतील तर खटलाच वेगळा. मी पक्षकाराला फोन केला. तो निवांतपणे म्हणाला, "तिन्ही तीच की वो." त्याच्या घरात सलग दोन पिढ्या बदल्या-बदलीची लग्नं झाली होती. त्याच्या दृष्टीनं माझा प्रश्नच खुळा होता.

कन्नड, तमिळ, तेलुगू या पद्धतीत बापाचा भाऊ हा बापच असतो, फक्त थोरला किंवा धाकटा. कन्नडात 'दोड्डप्पा' म्हणजे मोठा बाप, 'चिक्कप्पा' म्हणजे लहान बाप. आईची बहीण तशीच मोठी किंवा लहान आई. साहजिकच त्यांची मुलं आपली सख्खी भावंडं, लग्नाचा विषयच नाही. आत्या आणि मामा मात्र दुसऱ्या बाजूचे, त्यांची मुलं लग्नाच्या कामाची. सगळं जग दोन ओळींत बसतं, आपली आणि सोयऱ्यांची. तिथे तर मामा-भाचीचं लग्नही चालतं. आपल्याकडे ते ऐकून काही जण तोंड वाकडं करतात, आणि उत्तरेकडच्या माणसाला आपली मामेबहीण सांगितली की तो तसंच तोंड करतो.

मराठी या दोहोंच्या मध्ये उभी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारताचे नात्यांच्या रीतींवरून विभाग पाडले, तेव्हा महाराष्ट्राला उत्तरेत किंवा दक्षिणेत न घालता मधल्या पट्ट्यात ठेवलं. आपल्या शब्दांत ते मधलेपण लख्ख दिसतं. चुलत, आते, मामे, मावस ही चार खणांची मांडणी उत्तरेसारखी. पण 'चुलता' हा शब्द फोडला तर आत दक्षिण निघते. चूल वेगळी झाली म्हणून चुलता, असं आपण लहानपणी ऐकतो; खरी व्युत्पत्ती 'क्षुल्लतात', म्हणजे लहान बाप. जतचा 'चिक्कप्पा' आणि कराडचा 'चुलता' एकच म्हणायचं. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण त्याच घरातली.

आणि सोयरीक आपण घेतली ती अर्धीच. कन्नडात मामाची मुलगी चालते आणि आत्याचीही चालते, म्हणून मामी आणि आत्या एकाच 'अत्ते'त मावतात. आपल्या बहुतेक मराठा-कुणबी घरांत मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची नको. दिलेली वेल परत घरात आणू नये, असं जुन्या बायका म्हणतात. वाट एकेरी. म्हणून आपल्याकडे सासूसाठी दोन हाका उरल्या, सुनेची 'आत्या' आणि जावयाची 'मामी'. एक खाच मात्र राहते. या हिशोबानं सुनेचा सासरा हा तिच्या आत्याचा नवरा, आतोबा. मग ती त्याला मामंजी का म्हणते? माझ्या मते हा जुन्या दुहेरी पद्धतीचा, कन्नड 'माव'चा उरलेला तुकडा आहे. हे मत आहे, पुरावा नाही. आणि ही रीत सगळ्या मराठी घरांची नाही हेही नातीला सांगा. देशस्थांत मामाची मुलगी चालत आली, चित्पावनांत नाही.

कायद्याचं बोलायचं तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं चुलत, आते, मामे, मावस सगळी भावंडं निषिद्ध नात्यात एकत्र टाकली आणि दोन्हीकडच्या रूढीला मान्य असेल तर चालेल असं दार ठेवलं. वारसा कायद्यानं तर आणखी पुढची पायरी गाठली. १९५६ च्या कायद्यात दुसऱ्या वर्गाच्या वारसांत पुतण्या, भाचा, पुतणी, भाची एकाच नोंदीत, सारख्या हक्काने. म्हणजे कायदा 'नेफ्यू' म्हणतो आणि गाव अजून 'पुतण्या' म्हणतं. माझी ती जुनी चूक याच फटीत झाली होती. हल्ली 'सगेसोयरे' या जोडशब्दावरून किती रान उठलं ते आपण पाहिलंच. २०२४ च्या जानेवारीत सरकारला मसुद्यात त्याची व्याख्या लिहावी लागली. घरी चहा पिताना वापरायचा शब्द सरकारी कागदावर चढला की त्याचे खण मोजावेच लागतात.

जगात दुसरीकडे असं आहे का? आहे, आणि आपल्याला ओळखीचं वाटेल असंच. अरबांकडे काका 'अम्म', मामा 'खाल', आत्या 'अम्मा', मावशी 'खाला', सगळे वेगळे. पण त्यांची आवडती सोयरीक आपल्या उलट, काकाच्या मुलीशी. म्हणून तिथली सून सासऱ्याला 'अम्मी' म्हणते, म्हणजे 'माझे काका', मग नातं असो वा नसो. तुमच्या सुनेची 'आत्या' आणि कैरोतल्या सुनेचा 'काका', हाकेमागचा हिशोब एकच, फक्त वाट वेगळी. आपल्या शेजारच्या मुसलमान घरांतली खाला तीच.

चिनी तर आपल्याहून काटेकोर. बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. भावंडांचे दोन भाग: काकाची मुलं 'थांग', म्हणजे एका दिवाणखान्यातली, आत्या, मामा, मावशी यांची मुलं 'ब्याव', म्हणजे बाहेरची. भावकी आणि पाहुणे! पण तिथे २०१५ पर्यंत चाललेल्या एक मूल धोरणामुळे कित्येक पोरांना भावंडंच नाहीत. त्यांच्या मुलांना काका नाही, आत्या नाही. शब्द आहेत, माणसं नाहीत. आपल्या एकुलत्या पोरांचं पुढे तेच होणार.

उलट टोकाला हवाई बेटं. तिथे जुन्या रीतीनुसार आईबापांच्या पिढीतले सगळे पुरुष आणि सगळ्या बायका एकाच 'माकुआ'त येतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्या वाड्यात पोरं ज्याला त्याला दादा, ताई, काका म्हणत फिरतात तेव्हा आपणही अर्धे हवाईच असतो. सांगताना चार खण, हाक मारताना एक. अमेरिकेतल्या ओमाहा लोकांची तऱ्हा सगळ्यांत चक्रावणारी: मामाचा मुलगाही मामाच, मग तो पाळण्यात का असेना. आईचं माहेर हे सगळं एकच घराणं, त्यातला कुठलाही पुरुष मामा.

ही सगळी जुळवाजुळव पहिल्यांदा नीट मांडली ती लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन वकिलाने. शेजारच्या सेनेका लोकांत काकाला बाप म्हणतात हे त्याने पाहिलं आणि जगभर प्रश्नावल्या पाठवल्या. तमिळ लोकांतही जवळपास तीच रीत निघाली, तेव्हा तो उडालाच. त्यावरून त्याने अमेरिकेतले आदिवासी आशियातून गेले याचा पुरावा मिळाला असं ठरवलं. ते तर्कट चुकलं. एकमेकांना न बघितलेल्या दोन समाजांनी सोयरीक एकाच रीतीनं बांधली की शब्दही सारखे पडतात, इतकंच. १८७१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. वकील होता म्हणून मला तो आपला वाटतो. वारसाच्या कागदात डोकं घातलेल्या माणसालाच असले प्रश्न पडतात.

आता नातीचा तक्ता. तिला इंग्रजी शब्द शोधत बसायला लावू नका, वाट लिहायला सांगा. 'अंकल' ऐवजी 'आईचा भाऊ', खाली मराठीत 'मामा'. मी व्हिसाच्या कागदात हेच करतो, कुणी अडवत नाही. प्रत्येक चौकटीत त्या माणसाचं कामही लिहू द्या: मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढलं, लग्नात नवरीला मांडवात मामाने आणलं, आत्याने बारशाला कानात नाव सांगून 'कुर्र' केलं आणि पाठीत धपाटे खाल्ले. तुमच्या गावात हेळवी अजून येत असेल तर उत्तमच. माझ्या आजोळी तो बैलावरून यायचा, ओसरीवर बसून आमच्या घराण्याच्या पिढ्या धडाधड म्हणून दाखवायचा आणि शेवटी माझ्या जन्माची नोंद करून शेरभर ज्वारी घेऊन जायचा. अशी वंशावळ मिळाली तर तिचा फोटो शाळेत दाखवता येईल.

एक गोष्ट राहिली, तीही विचारली म्हणून. तुमच्या सुनेला आता 'आत्या' सोडून 'आई' म्हणावंसं वाटतं, ते चालेल का? चालेल की. निम्म्या घरांत चालतंय. फक्त जुन्या हिशोबानं बघाल तर सासूला आई म्हटल्याबरोबर नवरा भाऊ होतो, आणि 'आत्या' म्हटलं की तो लग्नाच्या कामाचा राहतो. माझी स्वतःची सून मला 'पप्पा' म्हणते. मी बोलत नाही काही.

आणि तक्त्यात एक रेघ सगळेच विसरतात. तुम्ही आणि नातीची दुसरी आजी, या दोघींमध्ये. इंग्रजीत त्या रेघेला नाव नाही, त्यामुळे शाळेच्या छापील कागदावर ती नसणारच. तिथे 'विहीण' लिहायला सांगा. बाईंनी विचारलं, तर वर्गात स्पॅनिश बोलणारी एखादी मुलगी असेलच, तिला हात वर करायला सांगा. तिच्याकडे या नात्याला शब्द आहे: 'कोन्सुएग्रा'.